जुना ट्रॅक्टर आणि गवत कापायचं यंत्र: जोडी कशी जमवायची

दसरा झाला की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्ट्यात गवताच्या पडींची, म्हणजे गवतासाठी राखलेल्या रानांची, गडबड सुरू होते. भात, भुईमूग आणि गवत एकाच वेळी अंगावर येतं आणि माणसं मिळत नाहीत. साखर कारखाने सुरू झाल्यावर वाडं (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) मिळतं खरं, पण नुसत्या वाड्यावर म्हैस दूध टिकवत नाही, तिला वाळली वैरण लागतेच. दारात जुना पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर उभा असतो. उसाच्या ट्रॉल्यांना पन्नासचा नवा घेतलेला असतो आणि जुन्याला मोडीत घालायला मन होत नाही. याच्या मागं गवत कापायचं यंत्र लावावं का, हा विचार तिथूनच निघतो.

लावावं, चांगलं चालतं. फक्त सगळे पहिला प्रश्न विचारतात तो “किती एचपी लागेल?” आणि दुकानदारही तेवढंच उत्तर देऊन मोकळा होतो. माझ्या मते एचपीचा नंबर तिसरा. पहिला प्रश्न तुमच्या ट्रॅक्टरच्या क्लचचा, दुसरा तुमच्या पडीचा. हे दोन सुटले की यंत्र आपोआप ठरतं.

वैरण पाहिजे की रान साफ?

हे आधी स्वतःशी ठरवा, कारण दुकानात दोन्हीला “गवत कापायचं मशीनच” म्हणतात. स्लॅशर आणि मल्चर गवताचा चुरा करतात. फळबागेतलं तण, रस्त्याकडेचं झुडूप, उसाचा पाला यांना ते ठीक. वैरणीला नकोत. चुऱ्यात माती येते, पेंढी बांधता येत नाही आणि गंजीत तो दाबून बसतो.

वैरणीसाठी गवत बुडातून एकदाच तुटून आडवं पडलं पाहिजे. त्यासाठी मुख्य यंत्रं दोन. पहिलं कटर बार: एक लांब दांडा, त्याला पुढं लोखंडी बोटं आणि बोटांमधून आडवी सरकणारी तिकोनी पात्यांची सुरी. कात्रीसारखं कापतं. दुसरं ड्रम मोवर: दोन मोठे ड्रम एकमेकांच्या उलट फिरतात, त्यांच्या बुडाला लोंबती पाती असतात, गवत झटक्यानं तुटतं आणि दोन ड्रमच्या मधून ओळीनं मागं पडतं. डिस्क मोवर हा ड्रमचाच भाऊ, पण त्याचा दांडा बाजूला जास्त लांब येतो आणि दुरुस्ती महाग पडते. जुन्या ट्रॅक्टरवाल्यानं पहिलं यंत्र म्हणून तो घेऊ नये. भात-गव्हाचा रीपर (पीक कापणीचं यंत्र) घरात असेल तर तोही कापेल, पण उभ्या, ताठ पिकात. पावसानं लोळलेल्या, वेल गुंतलेल्या गवतात त्याचे पट्टे सारखे अडकतात.

कटर बार आणि ड्रम या दोघांतला एक फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि तो कंपनीच्या कागदावर कुठं लिहिलेला नसतो. कटर बारनं कापलेलं गवत काड्या बऱ्यापैकी एका दिशेला ठेवून पसरतं. ते लवकर वाळतं, आणि बायका भराभर पेंढ्या बांधू शकतात. ड्रमनं कापलेलं गवत ओळीत गुंतून पडतं. ते दाताळ्यानं उलटून पसरावं लागतं आणि पेंढी बांधायला जड जातं. गवत पेंढ्यांच्या शेकड्यावर विकायचं असेल तर कटर बार. मोकळं गवत ट्रॉलीत भरून घरच्याच गोठ्याला न्यायचं असेल किंवा बेलर (गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र) लावून घ्यायचा असेल तर ड्रमही चालेल. ड्रमची जमेची बाजू म्हणजे तो दाट, ओलं, लोळलेलं काहीही कापतो आणि वारुळाच्या मातीला घाबरत नाही.

क्लच ओळखा

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, जोडलेलं यंत्र फिरवणारा दांडा. जुन्या ट्रॅक्टरांत तो तीन प्रकारचा सापडतो. पहिल्यात क्लच एकच असतो. पाय दाबला की चाकाची ताकदही तुटते आणि पीटीओची पण. काही ट्रॅक्टरांत त्याच वेळी लिफ्टचा पंपही थांबतो. दुसरा प्रकार डबल क्लचचा: अर्धा दाबला की ट्रॅक्टर थांबतो, पीटीओ फिरत राहतो; पूर्ण दाबला की पीटीओ पण थांबतो. तिसऱ्यात पीटीओला स्वतंत्र लिव्हर असते, क्लचशी संबंध नाही. हा जुन्यात क्वचित मिळतो.

विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका, स्वतः बघा. मागं काहीही न जोडता सपाट मोकळ्या जागी ट्रॅक्टर लो पहिल्या गिअरात चालवा, पीटीओ चालू ठेवा, आणि एक माणूस बाजूला चांगल्या अंतरावर उभा करा. क्लच हळूहळू दाबत जा. ट्रॅक्टर थांबला आणि पीटीओ फिरतोय असं त्या माणसानं हातानं खुणावलं तर डबल क्लच. दोन्ही एकदमच थांबले तर सिंगल, किंवा डबल असून तो बिघडलेला. आधी मिस्त्रीकडून क्लचचं सेटिंग करून घ्या, मग ठरवा. कित्येक ट्रॅक्टरांचा डबल क्लच अशा ढिल्या सेटिंगमुळंच वर्षानुवर्षं सिंगलसारखा वापरला जातो.

आता याचा यंत्राशी संबंध काय? ड्रम जड असतो आणि जोरात फिरतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर तुम्ही बांधाजवळ येऊन क्लच दाबला, तरी ड्रमच्या फिरण्याचा जोर शाफ्टमधून (पीटीओ आणि यंत्र जोडणाऱ्या दांड्यातून) उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि तीच ताकद चाकं पुढं ढकलते. तुमचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला असतो आणि ट्रॅक्टर चालतच राहतो. समोर विहीर किंवा ओघळ असेल तर पुढचं सांगायला नको. स्लॅशरलाही हेच लागू.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: ओव्हररनिंग क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणं ट्रॅक्टर यंत्राला फिरवतो, यंत्र ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही. पीटीओच्या दांड्यावर चढवायचा तुकडा सुटा मिळतो. बऱ्याच ड्रम मोवरमध्ये तो आतच बसवलेला असतो. तपासायला इंजिन बंद ठेवा, शाफ्ट जोडलेला ठेवा आणि ड्रम त्याच्या कामाच्या दिशेनं हातानं फिरवा. ड्रम फिरला आणि शाफ्ट जागच्या जागी राहिला तर आत फ्रीव्हील आहे. शाफ्टही जोर लावत असेल तर सुटा तुकडा घेतल्याशिवाय यंत्र रानात नेऊ नका.

कटर बारला ही अडचण जवळजवळ नाही, कारण त्याच्यात जोर साठवणारं जड फिरतं वजनच नसतं. म्हणून सिंगल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर माझा कौल सरळ कटर बारला. मात्र अडकल्यावर काय करायचं ते अंगवळणी पाडा. क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, क्लच सोडा म्हणजे सुरी जागेवर चालून गवत तोडेल. नाही तोडलं तर पीटीओ बंद करून थोडं मागं या. क्लच अर्धवट दाबून, ट्रॅक्टर सरकवत सुरी मोकळी करायचा प्रयत्न केला की प्लेट जळते.

ताकदीचा हिशेब

बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा असतो. पीटीओपर्यंत त्यातला साधारण ८५ टक्के पोचतो, तोही इंजिन नवं असताना. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि तिच्या अहवालात पीटीओवरची ताकद वेगळी दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर तोच आकडा धरा. नाही मिळाला तर ३५ च्या ट्रॅक्टरला ३० धरा, आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येत असेल, इंजिन ऑइल खात असेल, तर २५ च धरा.

कटर बारला दर फुटाला १ ते २ एचपी पुरतं. ६ फुटी दांडा म्हणजे फार तर १२. त्यामुळं आयशर २४१, स्वराज ७२४, एचएमटी २५११ असले पंचविसातले ट्रॅक्टरही तो निवांत चालवतात. ड्रमला दर फुटाला ५ ते ६ एचपी धरा. १.३५ मीटरचा ड्रम म्हणजे साडेचार फूट, म्हणजे पीटीओवर २५ च्या आसपास. १.६५ मीटरचा म्हणजे ३० च्या वर. महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५ या पस्तीस-चाळीसच्या घरातल्या जुन्या गड्यांना १.३५ चा योग्य. फोर्ड ३६०० सारख्या मोठ्याला १.६५ चा झेपतो.

घरगुती कसोटी एक सांगतो. तुमचा जुना ट्रॅक्टर ५ फुटी रोटाव्हेटर वापशावरच्या रानात काळा धूर न सोडता ओढत असेल, तर लहान ड्रम त्याला जड नाही. रोटाव्हेटरलाच दम लागत असेल तर ड्रमचा नाद सोडा.

यंत्रासाठी अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात पडल्यावरच खरेदी करा. आधी घेऊन मग बिल लावायला गेलं की अर्ज बाद.

५४० म्हणजे नेमकं किती?

ही यंत्रं पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आखलेली असतात, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. पण इंजिनाचे किती फेरे झाले की पीटीओला ५४० मिळतात, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. मीटरवर तशी खूण असते, मात्र जुन्या ट्रॅक्टरचं मीटर बहुधा मेलेलं असतं, नाहीतर केबल तुटलेली. ड्रायव्हर मग आवाजावर चालवतात. आवाजावर चालवलेला कटर बार एकतर गवत चावतो, नाहीतर सुरीचं डोकं तोडतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे हातातला डिजिटल टॅकोमीटर असतो, त्याच्याकडे ट्रॅक्टर न्या किंवा त्याला बोलवा. पीटीओच्या दांड्याला चमकणारी चिकटपट्टी लावायची, लांबून लाल ठिपका मारायचा, आकडा समोर येतो. ५४० आले की हँड अॅक्सिलरेटरच्या पट्टीवर त्या जागी छिन्नीनं खूण करा. मीटर दुरुस्त करायचं राहिलं तरी चालेल, ती खूण कायमची.

दोन गोष्टी त्याच वेळी बघून घ्या. मागं उभं राहून ट्रॅक्टरकडे बघितलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरला पाहिजे. आणि काही जुन्या ट्रॅक्टरांच्या पीटीओ लिव्हरला दोन जागा असतात: एकीत तो इंजिनाप्रमाणं फिरतो, दुसरीत चाकाच्या वेगाप्रमाणं. गवताला इंजिनाचीच जागा. चुकून दुसरीत राहिली तर रिव्हर्स घेताना यंत्र उलटं फिरतं.

पिना, साखळ्या, लिफ्ट

लिफ्टच्या मापाचे दोन वर्ग आपल्याकडे चालतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि टॉपलिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) पिन १९. कॅटेगरी २ मध्ये २८ आणि २५. यंत्र लहान पिनांचं आणि ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यांच्या टोकाचे गोळे मोठे असतील तर मध्ये बुश घाला. उद्यमनगरातला कुठलाही लेथवाला तासाभरात करून देईल. “थोडी ढिली आहे, चालतंय की” म्हणून तसंच जोडू नका. मोवर एका बाजूला लटकतो, त्यामुळं प्रत्येक खड्ड्यात ती ढिलाई हिसका देते आणि गोळा फुटतो.

दोन्ही बाजूच्या चेन ताणून घ्या. नांगराला थोडी हालचाल लागते, मोवरला ती अजिबात नको. लिफ्टची लिव्हर पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे यंत्र ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या जागी, ठेवा. ड्राफ्टवर राहिली तर जमिनीच्या ओढीप्रमाणं लिफ्ट खालीवर नाचते आणि गवताला जिन्याच्या पायऱ्या पडतात. इंजिन बंद केल्यावर उचललेलं यंत्र पाच मिनिटांत खाली येत असेल तर लिफ्टचे सील गेलेत. ते काम आधी, यंत्र नंतर.

शाफ्ट कापायला घाई नको

नवीन शाफ्ट मुद्दाम लांब येतो आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या मापानं कापावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरचे बेअरिंग सगळ्यात जास्त इथंच जातात, म्हणून हे दुकानात उभं राहून नाही, घरी बसून करा.

यंत्र लिफ्टला जोडा, शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक यंत्राला लावा आणि शेजारीशेजारी धरा. सुटा ओव्हररनिंग क्लच घेतला असेल तर तो आधी चढवून मगच माप घ्या. तो काही इंच जागा खातो आणि तो विसरून कापलेला शाफ्ट जास्त लांब राहतो. आता यंत्र हळूहळू पूर्ण खाली ते पूर्ण वर न्या. ट्रॅक्टर आणि यंत्र यांतलं अंतर कुठं सगळ्यात कमी होतं ते शोधा. बहुतेक वेळा ते मधल्या उंचीवर कुठंतरी सापडतं, दोन्ही टोकांना नाही. त्या जागी नळ्या एकमेकींत घातल्यावर किमान एक इंच जागा शिल्लक राहिली पाहिजे. नाहीतर नळी तळाला टेकते आणि पीटीओच्या दांड्याला आत ठोसा मारते. अंतर सगळ्यात जास्त असेल तिथं नळ्या किमान एक तृतीयांश लांबीनं एकमेकींत राहिल्या पाहिजेत.

दोन्ही नळ्या सारख्याच कापा, वरचं प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच कापा. कापलेल्या कडा कानसेनं घासा, आत ग्रीस लावा. परत जोडताना दोन्ही टोकांची शिंगं (क्रॉस, म्हणजे सांध्यातला चौफुला, धरणारे फाटे) एका रेषेत येतात ना ते बघा. एक आडवं आणि एक उभं बसलं तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला धक्के देत फिरतो आणि आठवड्यात क्रॉस जातो. शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की आधी तुटणारा बोल्ट) असेल तर कंपनीनं सांगितलेल्याच ताकदीचा टाका. तिथं जास्त मजबूत बोल्ट टाकला की तो तुटत नाही, गिअरबॉक्स तुटतो.

कव्हर काढून फेकायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. सेकंदाला ९ फेरे मारणारा दांडा पदर, उपरणं, मफलर पकडतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही. कव्हर फुटलं असेल तर नवं आणा.

चाकं, वजन आणि उतार

मोवर उजव्या चाकाच्या बाहेर कापतो. ट्रॅक्टरच्या मध्यापासून उजव्या मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. यंत्राची आतली कड त्याच्या बाहेर पडली पाहिजे. आत आली तर टायरखाली दाबलेलं गवत न कापताच राहतं. उतारासाठी तुम्ही चाकं उलटी बसवून रुंद केली असतील तर हे माप हमखास बिघडतं. तेव्हा यंत्र घ्यायच्या आधी चाकं कुठल्या रुंदीवर ठेवायची ते पक्कं करा.

उचलल्यावर ड्रम मोवरचं वजन, साडेतीनशे-चारशे किलोच्या आसपास, मागं आणि उजवीकडे पडतं. पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. पुढं वजनं लावा. वाळूची पोती बांधू नका, ती बरोबर नको त्या वेळी सुटतात.

उताराबद्दल मी जरा जुन्या वळणाचा आहे. जुन्या ट्रॅक्टरला वर आडवा रोलबार नसतो, ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागत नाहीत आणि गवतात खड्डा दिसत नाही. आडव्या उतारावर यंत्र नेहमी चढाच्या बाजूला ठेवा. म्हणजे एका दिशेनंच कापायचं आणि परत येताना पीटीओ बंद करून रिकामं यायचं. वेळ जातो, जाऊ दे. ज्या उतारावरून भरलेली ट्रॉली आडवी न्यायला तुम्ही धजत नाही, तिथं हेही नेऊ नका. गगनबावड्याकडच्या टप्प्याटप्प्याच्या पडींत खांद्यावरचं ब्रश कटर किंवा खुरपं-विळाच बरा.

सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरची) पड असेल तर जांभ्याचे दगड हा वेगळाच प्रश्न. ते गवत वाढल्यावर शोधता येत नाहीत. उन्हाळ्यात रान उघडं असताना फिरून सुटे दगड वेचा, आणि रुतलेल्यांजवळ उंच काठ्या रोवून वर रंगीत चिंध्या बांधा. पावसाळाभर त्या टिकल्या नाहीत तर गणपतीत एकदा फेरी मारून परत लावा.

कटर बारची मांडणी

नवा असो की जुना, चार गोष्टी बघितल्याशिवाय तो रानात नेऊ नका. सुरी तिच्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना थांबते तेव्हा प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे. अर्धा इंच सरकलेला असेल तर एका बाजूचं गवत कापलं जात नाही, नुसतं ओढलं जातं. पाती खालच्या पट्टीला टेकून सरकली पाहिजेत, वरच्या क्लिपा पात्याला जेमतेम लागाव्यात. खूप दाबल्या तर सुरी तापते, ढिल्या राहिल्या तर गवत मध्ये घुसून घडी पडते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना कुणी सांगतच नाही. दांड्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढं पाहिजे, दर फुटाला पाव इंच. ६ फुटी दांड्याला दीड इंच. उभा ट्रॅक्टर बघितला की दांडा वाकडा बसलाय असं वाटतं, पण गवतात गेल्यावर ते टोक मागं ओढलं जातं आणि दांडा बरोबर सरळ होतो. मोजताना बाहेरचं टोक हातानं मागं खेचून ढिलाई काढा, मग मोजा.

चौथी, दगडाला लागल्यावर दांडा मागं वळवणारा खटका. तो गंजून बसलेला असतो. मोकळा करा, तेल द्या, आणि हातानं जोर लावून एकदा सुटतो ना ते बघा.

पहिला दिवस

कापायची वेळ फुलोऱ्याची. दाणा पडला, काडी पिवळी पडली की भारे वाढतात, कस जातो. कुसळी गवताच्या पडीत तर आणखी घाई करा. कुसळं पक्की झाली की जनावराच्या तोंडात, हिरड्यांत रुततात. परतीचा पाऊस डोक्यावर असतो म्हणून सगळी पड एका दिवशी पाडू नका. तीन दिवसांत वाळवून उचलता येईल तेवढीच पाडा.

दव उडाल्यावर सुरू करा. पहिला फेरा घड्याळाच्या दिशेनं, उभं गवत उजव्या हाताला. या फेऱ्यात बांधाकडेचं गवत ट्रॅक्टरच्या चाकाखाली जातं. ते सगळ्यात शेवटी उलटा फेरा मारून कापायचं. उंची जमिनीपासून दोन-तीन इंच. त्याखाली गेलात तर बुंधा दुखावतो आणि पुढच्या वर्षी तिथं गवताऐवजी तण येतं. अॅक्सिलरेटर छिन्नीच्या खुणेवर ठेवा आणि वेग गिअरनं बदला, अॅक्सिलरेटरनं नाही. ओबडधोबड पडीत ताशी ४-५ किलोमीटर पुरे. ५ फुटी यंत्र या वेगानं, वळणं धरून, तासाला सव्वा एकराच्या आसपास जातं. शेजाऱ्यानं दोन एकर सांगितलं तर त्याच्या तोंडावर बोलू नका, पण हिशेब सव्वाचाच धरा.

ड्रमच्या पात्यांची टोकं सेकंदाला ७०-८० मीटर वेगानं जातात, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. भोवतीचा जाड पडदा फाटका असेल तर खडा गोळीसारखा सुटतो. पेंढ्या बांधणारी माणसं यंत्र चालू असताना त्याच रानात नकोत. पड मोठी असली तरी दुसऱ्या टोकाला, ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला कुणीही नको. पीटीओ बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत खाली उतरू नका, आणि उतरताना किल्ली खिशात.

दोन फेरे झाले की उतरून कापलेलं खोड वाचा, यंत्राचं सगळं दुखणं तिथं लिहिलेलं असतं. न कापलेल्या बारीक रेघा ठरावीक अंतरावर दिसल्या तर एखादं पातं तुटलंय किंवा बोट वाकलंय. काड्यांची टोकं फाटलेली, तंतू लोंबतायत: धार गेलीय किंवा फेरे कमी पडतायत. कापणी लाटेसारखी खालीवर आहे म्हणजे लिफ्ट ड्राफ्टवर आहे, नाहीतर वेग जास्त आहे. आतल्या बाजूला दाबलेलं गवत तसंच उभं राहतंय, तर चाकाचं माप चुकलं. ड्रमखाली गवत दोनदा कापून चुरा होत असेल तर वेग थोडा वाढवा. इथं हळू जाणंच नडतं.

दर तासाला रेडिएटरची जाळी बघा. गवताचं बी आणि तुरे त्याला गोधडीसारखे चिकटतात आणि जुनं इंजिन पहिल्याच दुपारी तापतं. पुढं डासाची जाळी तारेनं बांधली की हातानं झटकता येते. ऑइल बाथ एअर क्लीनरचं तेल रोज संध्याकाळी उघडून बघा, तळाला चिखल बसला असेल तर बदला. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डवर साठलेलं वाळकं गवत झाडून काढा. उशिरा, काडी वाळल्यावर कापत असाल तर पाण्याचा कॅन आणि ओलं पोतं ट्रॅक्टरवर ठेवाच. सायलेन्सर खाली वाकवलेला ट्रॅक्टर वाळल्या पडीत नेऊ नका.

कटर बारला सुऱ्या दोन घ्या. एक कापते, दुसरी घरी धारेला. दुपारच्या जेवणाला बदलायची, दहा मिनिटांचं काम. धार लावताना पात्याचा मूळचा कोन बदलू नका, आणि ग्राइंडरवर निळं पडेपर्यंत घासू नका, निळं पडलेलं पोलाद धार धरत नाही. तिकोन झिजून बोथट झाला की ते पातं रिव्हेट तोडून काढायचं आणि नवं बसवायचं. सुटी पाती आणि रिव्हेट यंत्राबरोबरच घेऊन ठेवा, ऐन हंगामात सगळ्यांचीच एकदम तुटतात.